गळ्याचं माप

काळभोर वकीलबाईंचा गळा साडेतेरा इंच.
वहीत आहे, पान एकशे सात,
पहिला कोट शिवला तेव्हाचं.
लोणीहून पीएमटीनं यायच्या,
हातात कोरी सनद,
उधारी सांगताना मान खाली.
आता मान ताठ असते. माप तेच आहे.

कामगार पुतळ्याच्या अलीकडं, मेट्रोच्या खांबाआड
माझं दुकान: एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा.
निम्मं शिवाजीनगर कोर्ट मी छातीत मोजलंय,
उरलेलं कमरेत.

यंदा बाई बारच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या.
वकिलांची निवडणूक, वकिलांतच व्हायची,
पण पक्षानं गळ घातली.
गळ म्हणजे विनवणी,
आणि गळ म्हणजे तो माशाचा काटाही,
हे वकिलांना शिंप्यानं काय सांगायचं?

पाचशे उपरण्यांची ऑर्डर माझ्याकडंच आली.
रंग सांगणार नाही. दुकान सगळ्यांचं आहे.
ऑर्डर आणली धुमाळशेठनी,
म्हणजे माझ्या घरमालकांनी.
दुकान खाली करा, असा त्यांचा दावा
समोरच्याच इमारतीत सोळा वर्षं पडून आहे.
पैसे रोख दिले. मी मोजून घेतले.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी बाई आल्या,
गळ्यातला पांढरा बँड सोडून गल्ल्यावर ठेवला.
कडेला रंग लागलेला, बोटभर.
“घाम आला, उपरण्याचा उतरला. जाईल?”
“स्वस्तातलं कापड, बाई. पहिल्या घामाला सोडतं.”
“तुम्हीच शिवलंत ना?”
“शिवलं मी. रंगवलं नाही.”

मग दाराकडं बघत, हळू आवाजात:
जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा दिलीय,
लेखी सुटले,
पुढच्या महिन्यात मुंबईला मुलाखत.
हाच लावून जायचंय.
“नवा घ्या की, ऐंशी रुपये.”
“पहिला जामीन मिळवला तेव्हाचा आहे हा.”

रिठ्यात भिजवला. लिंबू चोळलं.
दोन दिवस उन्हात टाकला, नीळ दिली.
डाग फिकटला,
गेला असं म्हणवत नाही.
समोरून धरला तर स्वच्छ,
तिरपा धरला की दिसतो.

बाई अडतीस मतांनी पडल्या.
दुसऱ्या पॅनेलचा गुलाल माझ्या उंबऱ्यापर्यंत आला.
उरलेली उपरणी शेठनी परत धाडली,
कोटावरचा खडू पुसायला बरी पडतात.

रात्री काजं करताना डोक्यात येतं:
वर बाई बसल्यात,
खाली एका बाजूला शेठ, एका बाजूला मी,
आणि अख्ख्या कोर्टात
तो बँड तिरपा बघणारा मी एकटा.
नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात देतात म्हणे. देत असतील.
तिथंही कुणा शिंप्याचं दुकान कुणीतरी मागत असेलच,
त्याला फक्त डाग ठाऊक नसणार.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बाई आल्या.
मी बँड समोरून दाखवला.
“झाला की,” मी म्हणालो.
त्यांनी तो हातातून घेतला,
ट्यूबलाइटखाली नेला,
आणि तिरपा केला.

बराच वेळ इस्त्रीचाच काय तो आवाज.

ऐंशी रुपये काढले, नवा बांधला आरशात.
जुना घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात सारला,
तो वर डोकावत राहिला.
“दादा, हा खिसा जरा खोल करून द्या.”

लपवायला की जवळ ठेवायला,
हे मी विचारलं नाही.
शिंप्यानं किती एवढंच विचारायचं.

पान एकशे सात,
साडेतेराच्या खाली, पेन्सिलीनं:
आतला खिसा, चारचा साडेपाच.