एकच पेन

मी नदी वाचतो. पगार त्याचाच.
आयर्विनच्या खांबावर पट्टे रंगवलेत,
दर तासाला बॅटरी मारायची,
आकडा वहीत लिहायचा, वर कळवायचा.
त्या रात्री तीनला त्रेचाळीस फूट सहा इंच.
चारला चव्वेचाळीस आणि एक.
मधे मी चहाला गेलो नव्हतो,
हे आता माणसं थांबवून सांगावं लागतं.

निरंजन आवटी माझ्याच बाकावरचा.
विश्रामबागला त्याची खोली, तोंडावर गोल दिवा,
मागं न उघडलेल्या ग्रंथांचं कपाट,
आवाज असा, की रिपोर्ट वाईट आलाय
पण डॉक्टर चांगला आहे.
"मी आरोप करत नाही," म्हणतो,
"मी फक्त विचारतो. तीनचा आणि चारचा आकडा
एकाच शाईत कसा?"
शेजारी एक निवृत्त साहेब बसवलेले.
ते चष्मा काढतात, पुसतात, म्हणतात,
शक्यता नाकारता येत नाही.

दोन लाख लोकांनी ती नाकारली नाही.
पेन एकच होतं माझ्याकडं. दहा रुपयांचं.

हळद पेठेत तोलार काटा थांबवून विचारतो,
"पाणी सोडायचं किती मिळालं, मगदूम?"
पाणी मी सोडत नाही, दादा. मी मोजतो.
"तेच की," म्हणतो, हसतो,
पाठीवर थाप मारतो.
शर्टावरचा पिवळा पंजा
दोन धुण्यांत गेला नाही.

तीन वाजून एकवीस मिनिटांनी
निरंजनचा फोन आला होता.
गावभागात आईच्या दारात त्याची गाडी.
"पायगोंडा, खरं सांग, हलवू का?"
हलव, म्हटलं. हलवली त्यानं.
नोंद आहे फोनमध्ये. भाच्याला दाखवली.
"मामा, असलं कुणीपण बनवतंय," म्हणाला,
वाईट वाटून म्हणाला.

अण्णा ऐंशी पार. माझ्याआधी हेच पट्टे
त्यांनी वाचले, कंदिलावर.
जेवता जेवता भाकरी खाली ठेवली.
वाटलं, आता शिवी घालतील त्या आवट्याला.
"लेका," म्हणाले,
"दोन पेनं न्यायला काय झालं होतं तुला?"

आज खिशात दोन आहेत. निळं आणि काळं.
तीन वाजलेत. पाणी एकोणीस फुटांवर,
कुणाला काही विचारत नाही.
बॅटरी मारून उभा आहे.
कुठल्यानं लिहू, ठरत नाही.