केसभर सरकलेलं

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी फक्त चुका पाहिल्या.
निळ्यावर हिरवा केसभर सरकलेला,
आकड्याचं शेपूट पुसट,
की कागद बाद. लाल खूण. पुढचा.
निवृत्त झालो तेव्हा घड्याळ दिलं त्यांनी,
नजर परत मागितली नाही.

आता जेलरोडच्या गॅलरीत सून कपडे वाळत घालते
आणि मी वहीत लिहितो:
साबण, साबोन.
बादली, बाल्दे.
तिला वाटतं मी चेष्टा करतोय.
अगं, शेजारशेजारच्या बंदरांतून निघालेली गलबतं ही,
एक तुमच्या किनाऱ्याला लागलं, एक आमच्या,
आणि दोन्हीकडे आंघोळीचं सामान विसरून गेली.

लीझेल लिपाची. मंदार बोटीवर, नोव्हेंबरात उतरेल.
तोवर घरात तीन माणसं आणि साडेचार भाषा.
अर्धी नलूची, ती मानेने बोलते.

वस्तू मोजायच्या इसा, दालावा, तात्लो.
घड्याळ मात्र स्पॅनिशात: अलास दोस, अलास त्रेस.
आणि मोठी रक्कम आली की इंग्रजी.
एकाच तोंडात तीन हिशेब?
लीझेल म्हणाली, पापा, तुमचा फोन नंबर सांगा.
नाइन एट डबल टू...
आणि मेथीची जुडी केवढ्याला आणली?
अडीच रुपये सोडले त्याने, मी म्हणालो,
आणि गप्प बसलो.

कांद्याला सिबुयास. तोही स्पॅनिशच.
म्हणजे कांद्याला घरचा शब्दच नाही तुमच्याकडे?
नाशिक जिल्ह्यात बसून हे ऐकवत नाही.
नलूने काही न बोलता
हातातला अर्धा सोललेला बटाटा वर धरला.
मी कोशात पाहिलं. बटाटाही गलबतातलाच.

काल ती पिशव्या टेकवून म्हणाली,
नाग-ग्रोसरी ना आको.
मध्ये इंग्रजी, दोन्ही बाजूंना तागालोगची शिवण.
मी लाल पेन उचललं.
तेवढ्यात खालून वाघचौरे वहिनी कुणाला तरी,
अहो, सिलिंडर बुक करून आठवडा झाला, डिलिव्हरच होईना!
पेन टोपणात गेलं.

चेहऱ्याला मुखा म्हणतात. आशेला आसा.
हे कुठल्या गलबतातून, विचारलं तर
तिला माहीत नाही, मलाही.
फार आधीचं असणार,
तेव्हा तपासायला कोणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र एका दमात आली.
कामी म्हणजे आम्ही. तायो म्हणजे आपण.
इंग्रजीत नुसतं वुई,
ऐकणारा उंबऱ्याच्या आत की बाहेर, कळत नाही.
आपल्याला कळतं. त्यांनाही कळतं.
हा धडा मी पैकीच्या पैकी धरून चाललो होतो.

रविवारी तिच्या आईचा फोन.
मी आठवडाभर घोटलेलं वाक्य ओठांवर घेऊन बसलो:
कुमुस्ता पो कायो.
पण एर्लिंदाबाई पडद्यावर आल्या त्या
मांडीवरच्या ताटात मूग निवडत,
आणि मान वर न करताच विचारलं,
कुमाइन ना बा कायो?
जेवलात का.
ना हवापाणी, ना नमस्कार, सरळ जेवणावर.
माझं वाक्य उडालं. घाईत म्हणालो,
कुमाइन ना तायो.

आपण जेवलो.

कामी, पापा, कामी! लीझेल हसून हसून वाकली.
आई इथे कुठे जेवली?
बाईंचा हात मुगात थांबला.
तिकडे साडेतीन वाजले होते, मागे कोंबडा अवेळी ओरडत होता.
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
मी एखाद्या कागदाकडे पाहावं तसं.

सिगे, त्या म्हणाल्या. तायो.

वहीत ते वाक्य लिहिलंय, तसंच, सरकलेलं.
खूण केलेली नाही.
नलूने गवारीची वाटी उचलली
आणि फोनपुढे ठेवली.