सूर

या गावाचं नावच सूर,
आणि माझ्या घरी तोच लागत नाही.

ऑगस्ट नव्व्याण्णव. रात्रीचे पावणेबारा.
टेबलाखाली झाकण काढलेला संगणक,
आतडी बाहेर, पंखा घरघरतोय.
मोडेमच्या कपाळावर पाच दिवे.
तिसरा पेटायला हवा,
तो डोळा उघडत नाही.

बेत साधा होता. कलहातच्या कॅम्पात बावीस माणसं,
एक जुना संगणक, एक फोन, इंटरनेट नाही.
त्यांनी पत्रं टंकायची, माझ्या घरी फोन लावायचा,
यंत्राने उचलायचा, पत्रं उतरवून घ्यायची,
आणि पहाटे मी ती पुढे धाडायची
चिपळूणला, रफिक मुकादमच्या मेहुण्याच्या दुकानात,
तो छापून वाटेल.
थोडक्यात, मी पोस्टमास्तर. बिनपगारी.

रफिक तिकडून लावायचा.
इकडे घंटा एकदाच वाजायची, पुरी नव्हे, अर्धी.
मग शांत.
सकाळी प्लांटच्या गेटवर तो हात हलवायचा:
नो कॅरिअर, भाई. परत नो कॅरिअर.

वेग उतरवला, ताप उतरवावा तसा,
तेहतीस हजारांवरून चौदा, चौदावरून नऊ.
पोर्ट बदललं. विंडोज तीनदा नव्याने घातलं.
फोनच्या डबीतलं तांबं हिरवं पडलेलं,
पॉलिश पेपरने घासलं, जिभेला लावून पाहिलं:
खारट.
हेमलता म्हणाली, दृष्ट काढू का त्याची? मीठमोहरी आहे.
म्हटलं, मोहरी काढ,
मीठ या हवेत आयतंच आहे.

पाचव्या रात्री तारेच्या मागे लागलो.
भिंतीवरून, खिडकीच्या चौकटीतून,
चुन्याच्या पापुद्र्याखालून
ती जिना उतरत होती माझ्याही आधी.
खाली मालकीणबाईंची खोली.
उम्म मुबारक. वय विचारायचं नाही असं.
गादीशेजारी हिरवा फोन, गोल तबकडीचा,
त्यालाच चिकटलेली माझी तार.

बस, म्हणाली. खजूर पुढे सरकवले.
मग बोलत राहिली. मला समजलं ते एवढं:
पाच रात्री झाल्या, तो फोन करतो.
बोलत नाही.
थांबून थांबून बारीक सूर काढतो, पीं... पीं...
लहानपणी अंधारात असाच रडायचा,
मोठ्याने नाही, कुणाला कळू नये म्हणून.
मी विचारते, मुबारक, जेवलास का?
बोट कुठल्या बंदरात आहे?
मग तो ठेवून देतो.

दोन वर्षं पत्र नाही, हे हेमलताने नंतर सांगितलं.
बायकांना जिन्यावर सगळं कळतं.

मला अरबी येतं ते कामापुरतं.
तार, यंत्र, बिघाड, माफ करा.
‘तो तुमचा मुलगा नव्हे’
एवढं लांब वाक्य माझ्याकडे नव्हतं.
पक्कड खिशात होती. खिशातच राहिली.

वर आलो. एक आकडा बदलला.
आता यंत्राने सहाव्या घंटेपर्यंत थांबायचं.
तिला झोप लागली असेल तर पत्रं येतील.
जागी असेल तर येणार नाहीत.
रफिकला सांगितलं, तुझ्या यंत्रालाही सबुरी शिकव,
दीड मिनिट तरी.

तो गेटवर बराच वेळ उभा राहिला.
म्हणाला, मदरशातलं थोडं येतं मला.
एकदा हातानेच लावू का?
‘जेवलो’ एवढंच म्हणतो.

मी कार्ड पंच केलं आणि आत गेलो.
हो म्हटलं नाही. नको म्हणायला तोंड उघडलं,
तेवढ्यात शिफ्टचा भोंगा झाला.

आज गुरुवार. अकरा बावन्न.
पडद्यावर ओळी उमटतायत, एकाखाली एक:
घंटा.
घंटा.
घंटा.
खाली दिवा लागला.