सातवा बार

मर्सी बेटाकडे जाणारा रस्ता
पौर्णिमेच्या आगेमागे बुडतो.
आज दुपारी पावणेएकला बुडाला.
मी अलीकडे, निळ्या गाडीत, इंजिन बंद करून.
पलीकडे पेटिग्रू आजोबा, त्यांच्या गोळ्या, त्यांचं सूप.
शेजारणीला फोन केलाय, ती देईल.
माझ्यामागे चार गाड्या. पुढे पाणी,
राखाडी, मुकं,
कठड्याचा एकेक खांब गिळणारं.

एकाला धीर धरवला नाही.
पांढरी व्हॅन बाजूने सुळकन गेली,
अर्ध्यावर खोकली आणि थांबली.
आता तो टपावर बसलाय, बूट हातात घेऊन.
मी हसले नाही, प्रभू.
गेल्या वर्षी मार्चात मीही अशीच घुसले होते
नहूमच्या गोदामात, नॉर्विचला,
सगळ्यांदेखत, "घरी चल" म्हणत.
त्याला चौदा महिने झाले.
फोन वाजतो. उचलत नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते,
सांगितल्याशिवाय मला बसवत नाही.
रविवारी पाळक म्हणाले, थांबा, तो वेळेवर येतो.
भरतीची वेळ तरी इथं पाटीवर असते.
तुझी पाटी कुठं लावतोस रे?

माझे बाबा विहिरी फोडायचे,
पारनेरच्या बाजूला, काळ्या पाषाणात.
पहारीने सात भोकं, सातांत दारू, सात वाती.
वाती पेटवून दोराने वर यायचे
आणि पालथे पडून मोजायचे.
लोक म्हणत, छाती बघा याची, वात पेटवतो!
बाबा म्हणत, वात कुणीही पेटवील.

एकदा सहाच वाजले.
मालक म्हणाला, उतर, विझली असेल.
बाबा उतरले नाहीत.
आजची मजुरी कापा म्हणाले,
आणि कडेला घोंगडी टाकून रात्रभर बसले,
कुणाचं पोर, कुणाची शेळी आत डोकावू नये म्हणून.
आईने भाकरी माझ्या हाती धाडली. मी आठ वर्षांची.
बाबा, सातवा वाजणार का?
ठाऊक नाही, म्हणाले.
मग बसलात कशाला?
त्यांनी भाकरी मोडली, अर्धी मला दिली,
आणि सरकून माझ्या न् विहिरीच्या मध्ये बसले.

इतकी वर्षं वाटायचं, कडेला बसलेली मी आहे,
वाट बघून बघून मांड्या भरून आलेली मी.
आज पाण्याकडे बघता बघता
हात स्टिअरिंगवरून आपोआप खाली आले.
घोंगडी तुझी आहे.
न वाजलेले आम्ही आहोत, खाली, अंधारात,
वात कुठवर जळली तेही माहीत नसलेले:
नहूम, मी, तो टपावरचा माणूस.
आणि तू उतरत नाहीस.
उठूनही जात नाहीस.

हे कळल्याने मन हलकं झालं, असं नाही.
फक्त भूक लागली.

दोनच्या सुमारास रस्त्यामधली पांढरी रेघ दिसू लागली,
आधी तुटक, मग तुटक पण खरी.
पाणी घोट्याशी आलं तेव्हा थर्मास घेऊन चालत गेले.
त्याने चहा घेतला, टोपणातून,
दोन्ही हातांनी, मान खाली घालून.
व्हॅन कुणाची, घाई कशाची, विचारलं नाही.
परत येऊन, ओल्या पायांनी, नहूमला लिहिलं:
जेवलास का
प्रश्नचिन्ह घातलं नाही.

मागच्याने हॉर्न दिला.
शेवाळावरून गाडी पहिल्या गिअरमध्ये,
खारट पाणी दोन्ही बाजूंना बाजूला होत,
मी कठड्याचे खांब मोजत निघाले.
चार.
पाच.
सहा.