तीन बोटांचं माप

गाशचा पूर ओसरला. ही नदी
वाळूतच जिरते, समुद्र तिला ठाऊक नाही.
बाबांनी गाळ मुठीत दाबला, अंगठ्यानं मोडून पाहिला,
म्हणाले, वाफसा आलाय. उद्या टोकू.

ओनूर पुढे, सलूक्यावर पाय देऊन भोक पाडत.
एक पाऊल, भोक. एक पाऊल, भोक.
मागे बाबा. तीन बोटांच्या चिमटीत
पाच दाणे, फार तर सहा.
कसालाहून शेतकी खात्याचा माणूस यायचा,
फदानाला तीन किलो, असं वहीत बघून सांगायचा.
बाबा बोटं पुढे करायचे:
हा काटा. घाल तुझं वजन.

यंदा मी त्यांच्या मागे होते, टाचेनं माती लोटत.
नऊ दाणे. चौदा. मग
एक भोक रिकामंच.
वारा नव्हता, तरी बोटं हलत होती.

पिशवी दुपारीच संपली.
ओनूर म्हणाला, उंदरानं कुरतडली असेल.
मी ती उलटी केली, उन्हात धरली,
बराच वेळ भोक शोधत राहिले.

तीन आठवड्यांनी विरळणी.
दाटलेली रोपं मी उजाडायच्या आत उपटली,
रिकाम्या जागी ओल बघून लावली,
उरलेली शेळ्यांना.
बाबा आले. ओळीच्या टोकाशी थांबले.
"किती ठेवलीस?"
"तीन-तीन."
"हं."

पुढल्या पुरानंतर त्यांनी पिशवी
माझ्या खांद्याला अडकवली
आणि माझ्या मागे जाऊन उभे राहिले.
टाच त्यांची
अजून नेमकी पडते.