गव्हर्नरचे सदरे

गव्हर्नर थॅकवेल दिसायला कसे होते, मला विचारू नका.
मान वर करून मी कधी पाहिलं नाही.
सदऱ्यांचं विचारा.
सव्वीस वर्षं धुतले.

गलबतातून उतरले तेव्हा सदरे होते बारा,
गळ्याशी वीतभर लेस
आणि लेसवर उलटीचे डाग.
समुद्र कुणाला साहेब म्हणत नाही.
किनाऱ्यावर गुडघे टेकून त्यांनी
ही सगळी भूमी राजाच्या नावावर केली;
विजारीच्या गुडघ्यांवरचा तो चिखल
दोन दिवस भिजत घालूनही निघाला नाही.

सगळं राजाचं झालं. भूक मात्र ज्याची त्याची.

पहिल्या हिवाळ्यात नदी गोठली.
मी कुऱ्हाडीने बर्फ फोडून पाणी काढायची,
राखेचं पाणी बोटांच्या भेगांत शिरायचं.
उतरलो होतो एकशे चार.
नाताळला एकसष्ट.
कोठाराची किल्ली साहेबांच्या कमरेला,
वाटाणे ते स्वतः मोजून द्यायचे, स्वतःच्या मुठीने.

माझा बाप, हॅनिबल पेंगेली, पिपं बांधायचा.
कुठल्या पिपाची फळी सैल, त्याला ठाऊक,
त्यानेच ठोकलेली.
दोन ओंजळी वाटाणे.
निकाल वाचताना साहेबांचा आवाज कापला नाही, म्हणतात.
मी तिथे नव्हते.
मला धुणं होतं.

दुसऱ्या दिवशी गाठोडं आलं.
सदऱ्याच्या पाठीवर घामाचं मीठ, ऐन जानेवारीत.
डाव्या बाहीची कड चावून चावून चिंधी झालेली.
आणि उजव्या बाहीच्या दुमडीत
तीन वाटाणे.

मोजताना अडकले असतील.
असतीलच.
तरी मी आधी दार लावलं.

दाखवता आले असते,
पाळकाला, शिपायांना,
बापाच्या लोंबत्या पायांखाली उभं राहून सगळ्या वस्तीला.
पण पोटात कावळे ओरडत असले की
न्याय कसा दिसतो ते तुम्हाला नाही कळायचं.
तो वाटाण्यासारखा दिसतो.
मी खाल्ले.
धड चावलेही नाहीत.

वसंतात गलबत आलं, पण त्याआधी आली
नदीपलीकडची बाई, मक्याच्या टोपल्या घेऊन.
तिच्यामुळे आम्ही उरलो.
साहेबांनी दप्तरात तिचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं,
तिन्ही चूक.
पुढे तिच्याच माणसांकडून नदी विकत घेतली
एका तांबड्या कोटाला.
तो मीच धुतला, बगलेत विरलेला,
घडी घालताना ती बाजू आत घेतली.
बाईने घडी मोडली. भोकातून बोट घातलं,
आणि बोटाकडे नाही,
माझ्याकडे पाहिलं.

मग वर्षं. लेस उसवून जखमांना बांधली गेली.
सदऱ्यांवर शाई यायची, मग मेण, मग सांडलेली पेज.
शेवटी शेवटी तान्ह्या पोरासारखे ओले यायचे.

एका संध्याकाळी खुर्चीतून म्हणाले,
'पेंगेलीची मुलगी ना तू?'
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.
होय साहेब.
'बाहीत कधी काही सापडायचं का गं?'
पाटीतलं पाणी थेंब थेंब गळत होतं.
मी म्हणाले, नाही साहेब,
सापडलं असतं तर आणून दिलं असतं.
ते बराच वेळ आपल्या मनगटाकडे बघत राहिले.

दगडावर कोरलंय: न्यायी, आणि दयाळू.
मला वाचता येत नाही, पाळकाच्या बायकोने सांगितलं.

अंगावरचा शेवटचा सदरा मीच चढवला.
बटणं लावली, कॉलर सारखी केली,
आणि जायला वळले होते,
तेवढ्यात परत आले.
उजव्या बाहीची दुमड उलटली,
झटकली, सवयीने.

काही पडलं नाही.