कोरे बोळे

अठरा हजार खुर्च्या होत्या तिथे.
आजवर मला चाळीस हजार तरी भेटलेत
"त्या रात्री मी होतो" म्हणणारे.
पेट्रोल पंपावरचा, दातांचा डॉक्टर,
एक तर असा, की तेव्हा जन्मलाही नसावा.
मी मान डोलावतो.
मी होतो. निळ्या कोपऱ्यात, दोरांच्या खाली,
गुडघ्यांवर डबा घेऊन.

माझं काम रक्त थांबवायचं.
दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट मिळतं,
त्यातली दहा सेकंदं स्टूल मांडण्यात जातात,
दहा उचलण्यात.
उरलेल्या चाळिसात फाटलेली भुवई बुजवायची,
सुजल्या गालावर बर्फातली पट्टी दाबायची
आणि खोटं बोलायचं:
काही नाही रे, खरचटलंय.

वर्षभर अख्खं क्लीव्हलंड त्या रात्रीचं नाव घेऊन झोपत होतं.
पोलादाच्या कारखान्यात लोकांनी पाळ्या बदलून घेतल्या.
न्हाव्याच्या दुकानात आमच्या लूशियस पेटवेचा फोटो,
समोरच्या खाटकाकडे ह्रिन्कोचा,
आणि मधल्या रस्त्यावर रोज संध्याकाळी
पंधराच्या पंधरा फेऱ्या तोंडानेच व्हायच्या.
रेव्हरंड टॉलिव्हर प्रवचनात दावीद आणि गल्याथ आणायचे,
दावीद कोण ते मात्र सांगायचे नाहीत.
दोन्हीकडचे पैसे पेटीत पडायचे.

व्हर्लीनने, माझ्या बायकोने,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर सव्वाशे बोळे वळले,
काडीला कापूस, वाती वळाव्या तशा निगुतीने.
"इतके?" मी म्हटलं.
"ह्रिन्कोचा डावा हात बघितलायस ना?"

मग घंटा झाली.
मी बाटलीचं बूच सैल केलं.
लूशियस दोन पावलं पुढे गेला, एक मागे.
पहिल्या रांगेतला एक माणूस सिगार पेटवायला खाली वाकला
(तोही अजून सांगत असेल, या डोळ्यांनी पाहिलं म्हणून)
आणि चौऱ्याण्णव सेकंदांत सगळं संपलं.
आवाजही मोठा नव्हता.
ओली चादर झटकावी, तेवढाच.

रक्ताचा थेंब नाही.
चेहऱ्यावर ओरखडा नाही.
तो छताकडे बघत पडलेला,
जणू वरून कुणीतरी नाव पुकारलंय
आणि हा आठवतोय, कुणाचं.
मी डबा मिटला. दुसरं काय करणार?
घरी गेल्यावर व्हर्लीनने बोळे मोजले नाहीत.

लोक अजून म्हणतात, फसवलं.
महिन्याच्या भाड्याएवढं तिकीट आणि दीड मिनिट!
डोंगर पोखरून उंदीर.
मी म्हणतो, बाबांनो, ते वर्ष कुणी परत मागितलं का तुमच्याकडून?
एरवी कधी रस्ता ओलांडून
भांडायला तरी गेला होतात समोरच्याकडे?
न्हावी गेला. खाटीक गेला.
ह्रिन्कोने रंगाचं दुकान काढलं, तेही बुडालं.

दर गुरुवारी मी सरोवराकाठच्या त्या इमारतीत जातो,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्टलाही आकड्यांचं कुलूप आहे.
लूशियस खिडकीशी असतो. माझं नाव त्याला येत नाही.
पण मागच्या महिन्यात मला पाहून त्याने हनुवटी वर केली,
डोळे मिटले.
"उजवी भुवई बघ," म्हणाला, "गरम काहीतरी वाहतंय."

काही वाहत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी डबा नेला.
कापूस पिवळा पडलाय.
व्हर्लीनला जाऊन नऊ वर्षं झाली,
तिच्या बोटांचा पीळ अजून सुटलेला नाही.
एक बोळा त्याच्या भुवईवर टेकवला,
अंगठ्याने दाबला, मोजायला लागलो.
चाळीस झाले. पन्नास. नव्वद.
घंटा वाजवणारं कुणी नव्हतं.

"खोल आहे?"
"काही नाही रे, खरचटलंय."
"फेरी कितवी?"
"दुसरी," मी म्हटलं.

तेवढ्यात नर्स पुडिंग घेऊन आली.
त्याने चमचा दातांत घट्ट चावून धरला
आणि उठायला लागला.